डेंग्यूचा डास घरात होऊ द्यायचा नसेल तर: पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आमच्याकडे आधी मुलीला आणि मग मला डेंग्यू झाला, तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगची खात्री होती की डास मागच्या नाल्यातून येतात. ग्रुपवर नाल्याचे फोटो टाकून झाले, धूर मारा म्हणून फोन लावून झाले. मग एक दिवस आशाताई आणि त्यांच्याबरोबर एक दादा टॉर्च घेऊन आले, कंटेनर सर्व्हे, म्हणजे घरोघरी साठवलेलं पाणी अळ्यांसाठी तपासायचं काम, चालू होतं त्यांचं, त्यांनी नाल्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही, सरळ स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले फ्रिज जरा पुढे ओढा. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो ज्यात डीफ्रॉस्टचं पाणी पडतं हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीतच नव्हतं. त्या ट्रेमध्ये वळवळ वळवळ चाललेली. माझ्याच घरात, माझ्याच फ्रिजखाली मी डास पाळले होते म्हणायला हरकत नाही.

तर त्यानंतर जे शिकलो आणि आता दर रविवारी जे करतो ते सगळं इथे लिहितोय.

आधी डास ओळखा, नाहीतर भलतीकडे मेहनत जाते

गटारात, सांडपाण्यात जो होतो तो बहुतेक क्युलेक्स, तो रात्री कानाशी गुणगुणतो, त्रास देतो, हत्तीरोग पसरवतो, पण डेंग्यू नाही. डेंग्यूचा डास एडिस इजिप्ती, काळपट, पायांवर पांढरे पट्टे. आणि हा दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी जास्त. याला आपलं स्वच्छ साठवलेलं पाणी आवडतं, नळाचं, पावसाचं, कूलरचं. लांब उडतही नाही फार, जिथे जन्मला तिथल्याच चार घरांत फिरतो. म्हणजे तुम्हाला दिवसा पायाला पट्टेवाला डास चावला तर त्याचं गाव तुमच्या घरात, शेजाऱ्याकडे नाहीतर गच्चीवर आहे असं धरून चाला.

आता महत्त्वाचं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओल्या कडेला चिकटवते. काळे बारीक ठिपके, मिलिमीटरभरसुद्धा नाही, आपल्याला वाटतं मळ आहे. तुम्ही पाणी ओतून टाकलं तरी ती अंडी कडेलाच राहतात, वाळतात आणि वाळून कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी भरून त्यांच्यापर्यंत पोचलं की फुटतात. उन्हाळा संपल्यावर रिकामा करून माळ्यावर टाकलेला कूलर पुढच्या वर्षी काढला, न धुता पाणी भरलं, की झालं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, पाणी ओता ते ठीक आहे पण कडा घासा. बहुतेक लोक ओततात आणि थांबतात.

अंड्यातून अळी, अळीतून स्वल्पविरामासारखा दिसणारा कोष, कोषातून डास, हे सगळं साधारण आठ-दहा दिवसांत उरकतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं जे सांगत असतं ते यासाठी, सात दिवसांनी तुम्ही चक्र तोडलंत तर अळीचा डास व्हायला वेळच मिळत नाही.

पहिलं काम: वार ठरवा

कुठलाही चालेल पण ठरलेला पाहिजे. आमच्याकडे रविवार, सकाळचा चहा झाला की. सामान काय तर टॉर्च, एक जुना ब्रश किंवा काथ्या, आणि एक फडकं. पाऊण तास लागतो पहिल्या वेळी, नंतर वीस मिनिटं. आमची मुलगी टॉर्च घेऊन पुढे असते, तिला अळ्या शोधायला शाळेच्या प्रोजेक्टपेक्षा जास्त मजा येते.

एक युक्ती, बादली हलली किंवा वरून सावली पडली की अळ्या तळाला पळतात, मग वाटतं पाणी साफ आहे. मिनिट-दोन मिनिटं शांत उभे राहा, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं, शेपटीकडून नळी वर लावून उलट्या लटकतात, तेव्हा दिसतात.

दुसरं: घराची फेरी, आतून बाहेर

फ्रिजमागचा ट्रे तर सांगितलाच, प्लग काढून मगच हात घाला. काही फ्रिजमध्ये तो कॉम्प्रेसरच्या वर बसवलेला असतो, निघत नाही, तिथे फडक्याने पाणी टिपून घ्या आणि कडा पुसा.

मग मनी प्लांट. काचेच्या बाटलीत मनी प्लांट आणि लकी बांबू ठेवायची फॅशन घराघरात आहे, आणि ते पाणी कोणी बदलत नाही, फक्त कमी झालं की वरून ओततात. एडिसच्या मादीला याहून चांगलं बाळंतिणीचं घर मिळणार नाही. मी तर सरळ मातीत लावून टाकला, पण ठेवायचाच असेल तर आठवड्याला झाड बाहेर काढा, मुळं नळाखाली धुवा, बाटली आतून घासा. देव्हाऱ्यातला तांब्या, फुलदाणी, माठाखालची थाळी, ड्रेनेज नसलेल्या एसीच्या पाण्यासाठी ठेवलेली बादली, हे पण त्याच रांगेत.

गॅलरीत कुंड्यांखालच्या बशा. झाडं लावणाऱ्या लोकांना (मी पण त्यातलाच) बशी फार प्रिय, फरशी खराब होत नाही म्हणून. पावसाळ्यात चार महिने बशा काढूनच ठेवा. नाहीच जमलं तर बशीत काठोकाठ वाळू भरा, पाणी वाळूत मुरतं, वर साचत नाही. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी बंद करू नका, रोज बदला आणि वाडगा घासा. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याला खोलगट जागा असेल तर तीही बघा.

कूलर. पावसाळा लागला की कूलरचं काम संपतं पण टाकीत पाणी तसंच, आणि आतल्या गवताच्या नाहीतर हनीकोंबच्या जाळ्या ओल्या. टाकी रिकामी करायची, घासायची, जाळ्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, गवताची असेल तर फेकायची आणि पुढच्या वर्षी नवी घालायची.

तिसरं: घासायचं कसं

यात काय शिकवायचं असं वाटेल पण बहुतेक लोक तळ घासतात आणि कडा सोडतात. आपल्याला उलट करायचंय. पाणी जिथपर्यंत असतं तिथे भांड्याला एक रेघ पडलेली असते, त्या रेघेच्या वर-खाली चार बोटं जागा जोर लावून घासायची. बादली, पिंप, हौद, कूलर सगळ्याला तेच. मग एकदा विसळायचं, आणि भांडं पालथं घालून उन्हात.

अळ्यावालं पाणी मोरीत किंवा दुसऱ्या साचलेल्या पाण्यात ओतू नका, मातीवर, तापलेल्या फरशीवर ओता, पाणी जिरलं की अळ्या मरतात.

चौथं: जिथे पाणीच आठवड्याने येतं तिथे काय

इथे जरा थांबतो कारण कोरडा दिवस पाळा हे पुण्या-मुंबईत बसून सांगणं सोपं आहे. माझी बहीण संभाजीनगरला असते, लातूर-जालन्याकडचे लोक पण ओळखतील हा प्रकार, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. तिला मी फोनवर मोठ्या उत्साहाने म्हटलं की आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी कर, तर ती म्हणाली, "अरे दादा, रिकामी करून पिऊ काय?" बरोबर होतं तिचं. पाणी आठ दिवसांनी येणार आणि डासाला पण आठच दिवस लागणार, म्हणजे आपण साठवतो नेमका त्याच्या मापाने.

मग आम्ही दोघांनी बसून काढलेला मार्ग असा. तिच्याकडे दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम आहेत. दोन्ही अर्धे-अर्धे वापरत राहायचं नाही, एक पूर्ण संपवायचा मग दुसरा उघडायचा. संपलेला ड्रम लगेच आडवा पाडून रेघेपाशी घासायचा आणि पाणी यायच्या दिवसापर्यंत पालथा ठेवायचा. पाणी आलं की त्यातच आधी भरायचं. दुसऱ्यात जे उरलं असेल ते बादल्यांत काढायचं, बादल्या त्याच दिवशी कपड्या-भांड्यांना संपवायच्या, आणि तो ड्रम घासून मग भरायचा. जुन्या पाण्यावर नवं पाणी ओतायचं नाही, हा एकच नियम.

आणि चुकून पाण्यात अळ्या दिसल्याच तर दोनशे लिटर पाणी फेकून द्यायची गरज नाही. दाट सुती फडक्यातून गाळून दुसऱ्या घासलेल्या भांड्यात घ्या, अळ्या फडक्यात राहतात, फडकं कोरड्या मातीवर झटका आणि उन्हात टाका. ते पाणी वापराला चालतं.

झाकण म्हणजे नुसती वर ठेवलेली पाटी नव्हे. फटीतून डास आरामात जातो. जुनी सुती साडी दुपदरी करून तोंडाला बांधायची, सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं रबर केलं तर मस्त घट्ट बसतं. कापड ताणून बांधा, सैल राहिलं तर मधोमध खोलगट होतं, पाण्याला टेकतं, आणि मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलं असेल तर आजच नवं आणा, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बांधा, तो पाइप सगळे विसरतात. सेप्टिक टँकचा व्हेंट पाइप असतो त्यालाही जाळी किंवा जुना नायलॉनचा मोजा बांधतात, त्याने मुख्यतः गटारवाला डास अडतो पण बांधाच.

जे रिकामं करताच येत नाही, म्हणजे मोठा हौद, विहीर, कारंजं, तिथे गप्पी मासे. दिवसभर अळ्या खातात, वेगळं काही घालावं लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप ऑफिसला विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतात. फक्त नदी, ओढ्यात सोडू नका, हा आपल्याकडचा मासा नाही, तिथल्या माशांच्या पोटावर पाय येतो. आरोग्यवाले अ‍ॅबेट (अळ्या मारायचं औषध) टाकतात वापराच्या पाण्यात ते त्यांना टाकू द्या, माप ठरलेलं असतं, स्वतः आणून अंदाजपंचे ओतू नका.

पाचवं: गच्ची, आवार आणि शेजार

आपलं घर चकाचक आणि गच्चीवर पाच टायर, असं चालत नाही. टायरमधून पाणी कधीच नीट निघत नाही, ते भंगारात द्या किंवा भोक पाडून ठेवा. ताडपत्रीच्या सुरकुत्या, फुटका कमोड, रंगाचे डबे, करवंट्या, चहाचे प्लास्टिकचे कप. बाटलीच्या झाकणाएवढं पाणी पण पुरतं हो याला. कोकणात वाडीत पडलेल्या पोफळीच्या विऱ्या होडीसारख्या पाणी धरतात, त्या गोळा करून जाळा किंवा पालथ्या करा, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडे ज्यांची रबराची बाग आहे त्यांनी चिकाच्या वाट्या पावसात काम बंद असताना उलट्या करून ठेवाव्यात.

बांधकाम चालू असेल तिथे लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर बांधलेले पाण्याचे आळे बघायला सांगा. साइटवाले ऐकत नाहीत पहिल्यांदा. महापालिका नोटीस काढते, दंड पण करते, हे सांगितलं की ऐकतात. खड्ड्यातलं पाणी उपसताच येत नसेल तर जळकं ऑइल टाकतात, वर तवंग आला की अळ्यांना श्वास घेता येत नाही. हे फक्त कशालाच न वापरायच्या पाण्यात.

धुरळणीचं सांगतो, लोक चिडतील. धुराने त्या क्षणी उडणारे डास मरतात, अळीला आणि अंड्याला काही होत नाही. शिवाय एडिस आपल्या घरात पलंगाखाली, पडद्यामागे, अडकवलेल्या काळ्या पँटीत बसलेला असतो आणि आपण वास येतो म्हणून खिडक्या लावून घेतो. गाडी गेल्यावर समाधान वाटतं तेवढंच. साथ असताना उपयोग आहे, नाही असं नाही, पण धूर आला म्हणून रविवार चुकवू नका.

घरात कुणाला ताप आलाच तर

तापाचे पहिले पाच-सहा दिवस पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकतो, आमच्याकडे मुलीनंतर माझा नंबर लागला तेव्हा घरात डास होते आणि दिवसा मच्छरदाणी कोणी लावत नव्हतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरला विचारून, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. एनएस१ टेस्ट, म्हणजे डेंग्यूची रक्ततपासणी, पहिल्या पाच दिवसांत करायची. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, खरा धोका तेव्हाच असतो, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा. पपईच्या पानाचा रस द्या असं चार नातेवाईक सांगतीलच, त्यांच्या नादात सलाइनला उशीर करू नका.

शेवटचं: गणपतीला गावी जाताना

डेंग्यूचा जोर आणि गणपती साधारण एकाच सुमारास येतात, आणि आपण घराला कुलूप लावून नेमके दहा दिवस जातो. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या बादल्या पालथ्या. मनी प्लांट शेजारी किंवा मातीत. फ्रिज बंद करून जाणार असाल तर बर्फ वितळून ट्रे भरतो, तो रिकामा करून पुसून मग निघा. कमोडचं झाकण खाली, वरून प्लास्टिक टाकून चिकटपट्टी, बाथरूमच्या जाळीवर उलटी ताटली. परत आल्यावर बॅगा खाली ठेवायच्या आधी फ्लश करा, दोनदा, आणि मग चहा टाका.