वेगाच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा: या चुका टाळा

सारंगखेड्यासारख्या यात्रेत ‘मौत का कुआ’ पाहताना स्वाराला नुसती भोवळ येत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ६ मीटर त्रिज्येच्या भिंतीवर ताशी ४५ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या स्वारावर त्याच्या वजनाच्या जवळपास पावणेतीन पट भार पडतो आणि डोके विहिरीच्या मध्याकडे असल्यामुळे रक्त पायांकडे लोटले जाते. खानदेशातून वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना कसरतीच्या उड्डाणात हाच भार याहून अधिक सोसावा लागेल. तो ‘जी’मध्ये मोजतात; एक ‘जी’ म्हणजे आपल्या वजनाइतका भार.

पहिली चूक म्हणजे अंधारीला डोळ्यांचा दोष समजणे. हृदयापासून डोळा सुमारे ३० सेंटिमीटर उंच असल्याने दर ‘जी’मागे तेथे पोहोचणारा रक्तदाब साधारण २२ मिलिमीटर पाऱ्याने घटतो. त्यातच नेत्रगोलाचा आतला दाब रक्ताला अडवतो, म्हणून मेंदूच्या आधी दृष्टिपटल उपाशी राहते. आधी रंग फिके पडतात, मग कडेचे दिसेनासे होऊन नळीतून पाहिल्यासारखे वाटते आणि शेवटी काळोख होतो. तरीही माणूस शुद्धीवर असतो, त्याला ऐकूही येते.

सर्वांत घातक चूक मात्र या इशाऱ्याची वाट पाहण्याची आहे. भार एकाएकी वाढला, तर मेंदूत साठलेला प्राणवायू जेमतेम ४-५ सेकंद पुरतो आणि दृष्टी फिकी न होताच शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय, मांड्या व पोट वळणाआधीच आवळावे. श्वास मात्र कोंडून धरू नये, कारण छातीतला दाब सतत चढा राहिला तर रक्त हृदयाकडे परतत नाही. दर ३ सेकंदांनी तो झटकन सोडून घ्यावा.

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यातील उन्हात पुरेसे पाणी न पिता उड्डाण केल्यास सहनशक्ती आणखी घटते.

विमानाचे नाक जोराने खाली दाबल्यास रक्त डोक्याकडे चढते आणि दृष्टी लालसर होऊ शकते. येथे स्नायू आवळण्याचा उपाय उलटा पडतो. नाक खाली दाबणेच सैल करावे. त्यानंतर लगेच विमान वर ओढल्यास अंधारी नेहमीपेक्षा कमी भारातच येते.

शुद्ध हरपल्याचे अनेकांना नंतर आठवतही नाही, म्हणून खाली उतरल्यावर शेजारच्या प्रशिक्षकाला त्याविषयी अवश्य विचारावे.