वसतिगृहातील धार्मिक व सांस्कृतिक विविधता: अधीक्षक आणि प्राध्यापकांसाठी कामाच्या सूचना

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेल्या मुलामुलींच्या शेजारच्या खोलीत मिझोराम, लडाख, काश्मीर किंवा केरळमधले विद्यार्थी राहतात, आणि पुण्यासारख्या शहरात अफगाणिस्तान व आफ्रिकेतील देशांतून आलेल्यांचीही त्यांत भर पडते. वर्षातून एकदा पारंपरिक वेशभूषेचा दिवस साजरा करणे सोपे असते. पण आपल्याला इथे जागा आहे की नाही, हे विद्यार्थ्याला कळते ते मेसमध्ये, परीक्षेच्या वेळापत्रकात आणि कार्यालयाच्या खिडकीशी. म्हणून सुरुवात तिथूनच करावी, आणि तीही प्रवेशाच्या वेळी, कारण प्रत्येक सणाला नवा अर्ज घेऊन उभे राहावे लागले की हक्काची गोष्ट उपकारासारखी वाटू लागते.

प्रवेश अर्जासोबत एक ऐच्छिक पत्रक द्यावे. त्यात धर्म विचारू नये, गरज विचारावी: काय खात नाही, कोणत्या काळात उपवास असतो, कोणत्या दिवशी सुट्टी लागेल. धर्मावरून ताट ठरवायला गेल्यास हमखास फसगत होते. बंगाली ब्राह्मणाच्या घरी मासे शिजतात, आणि एक जैन विद्यार्थी बटाटा खातो तर दुसरा कंदमुळाला हातही लावत नाही.

मेसच्या कंत्राटात या गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात, म्हणजे आचाऱ्याच्या मर्जीवर काही राहत नाही. पर्युषणात किंवा एरवीही सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांसाठी रात्री आठचे जेवण निरुपयोगी आहे. त्यांचा डबा सायंकाळी लवकर भरून मिळावा. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीसाठी मेस उघडणे जमत नसेल, तर रात्रीचे अन्न ठेवायला फ्रीज आणि ते गरम करायला एक सामायिक जागा पहाटे उघडी असावी, कारण खोलीत शेगडी वापरायला आपणच बंदी घातलेली असते. न घेतलेल्या जेवणांचा खाडा धरून बिलातून रक्कम वजा व्हावी. ईशान्येकडील विद्यार्थी आंबवलेले सोयाबीन किंवा सुके मासे शिजवतात, तेव्हा वासाच्या तक्रारी येतात. अशा वेळी पदार्थावर बंदी घालण्याचा मोह टाळून सामायिक जागेतल्या शेगडीजवळ धूर ओढणारा पंखा बसवावा आणि वेळ ठरवून द्यावी. सुक्या बोंबलाचा वास ज्या राज्यातल्या घराघरांत ओळखीचा आहे, तिथे हे समजावणे अवघड जाऊ नये.

शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची भांडी, पळ्या आणि वाढण्याच्या जागा वेगळ्या ठेवणे रास्त आहे. बसण्याची टेबले मात्र वेगळी करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कोण कोणाच्या पंगतीला बसतो, या प्रश्नाला आपल्याकडे जातीचा मोठा इतिहास आहे. 1901 पासून कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र वसतिगृहे उभी राहिली, कारण एरवी त्यांतल्या अनेक मुलांना शहरात निवाराच मिळाला नसता. पुढे 1924 साली साताऱ्यात भाऊराव पाटलांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. ती पंगत पुन्हा मोडणारी कोणतीही व्यवस्था, सोयीच्या नावाखालीसुद्धा, स्वीकारू नये.

परीक्षांचे वेळापत्रक आखताना वर्षाच्या सुरुवातीलाच सर्व समाजांचे दिवस मांडून पाहावेत. हिवाळी सत्राच्या परीक्षा 6 डिसेंबर आणि नाताळ यांच्या आसपास येतात; महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर जाणाऱ्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा 7 तारखेला सकाळी लावणे म्हणजे त्याला दोहोंपैकी एक निवडायला लावणे होय. उन्हाळी सत्रात गुड फ्रायडे, महावीर जयंती, 14 एप्रिल आणि आसामचा बिहू येतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, आणि ईद चंद्रदर्शनावर ठरत असल्याने तिच्या पुढचा-मागचा एक दिवस मोकळा ठेवलेला बरा. विद्यापीठाची लेखी परीक्षा हलवणे विभागाच्या हातात नसते, परंतु सबमिशन, प्रात्यक्षिके आणि अंतर्गत चाचण्या नक्कीच असतात.

वसतिगृहात गणपती बसत असेल तर जरूर बसवावा, पण वर्गणी मेसच्या बिलात मिसळू नये आणि आरतीची हजेरी घेऊ नये. संविधानाच्या अनुच्छेद 28(3) नुसार शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेला उपस्थित राहायला लावता येत नाही.

कार्यालयात आणि वर्गात तीन सवयी तातडीने बदलाव्यात. शिष्यवृत्तीची यादी नाव आणि प्रवर्गासह फलकावर लावू नये, नोंदणी क्रमांक पुरतो. वर्गात प्रवर्ग पुकारून विद्यार्थ्यांना उभे करणे तर पूर्ण थांबवावे. आणि तमिळ, लडाखी किंवा तिबेटी विद्यार्थ्याला आडनाव नसू शकते, तेव्हा अर्जातला तो रकाना सक्तीचा ठेवू नये.

ईशान्येकडच्या मुलीला ‘चिनी’ म्हणणे ही थट्टा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांत 2016 साली दुरुस्ती झाली आणि वंश, वर्ण, धर्म, जात, भाषा किंवा प्रदेश यांवरून केलेला छळही रॅगिंगच्या व्याख्येत आला. तक्रार तोंडी आली तरी ती लिहून घ्यावी, तारीख घालावी, विद्यार्थ्याला प्रत द्यावी आणि 1800-180-5522 हा राष्ट्रीय मदत क्रमांकही सांगावा. नंतर तक्रारदारालाच ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी’ दुसऱ्या खोलीत हलवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, ती मोडावी. खोली बदलायची असल्यास आधी त्याला विचारावे, आणि तो राहतो म्हणाला तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची खोली बदलावी.