कपाळ मोठं असेल तर वेणी कुठली घालावी, आणि कशी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात फोंड्याला आमच्या घरी फुगडीच्या मुली वेण्या घालून घ्यायला येतात. त्यातली एक तरी दारातूनच म्हणते, "मावशी, माझं कपाळ झाकून दे." आता मी सरळ सांगते, झाकणार नाही. झाकायला गेलं की तेवढंच डोळ्यांत भरतं. कपाळावरून एक तिरकी रेष न्यायची, नजर तिच्यामागे जाते, काम झालं.

आधी कपाळ खरंच मोठं आहे का ते बघा. केसांच्या कडेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत, ही तीन अंतरं बोटांनी मोजा. पहिलं बाकीच्या दोघांपेक्षा ठळक जास्त असेल तरच पुढचं वाचा. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्याजणींचं कपाळ नेहमीसारखंच असतं. वर्षानुवर्षं मधला भांग पाडून केस मागे ताणल्यामुळे ते तसं वाटतं, इतकंच.

काय टाळायचं? मधला भांग पाडून दोन घट्ट वेण्या. डोक्याच्या टोकावर बांधलेल्या शेपटीची वेणी. आणि पुढचा तो पफ! "पफ काढला की कपाळ लहान दिसतं" असं सांगणाऱ्यांनी एकदा बाजूने आरसा बघावा. पफमुळे केस कपाळावरून उचलले जातात आणि वर डोक्याची उंची वाढते, ती वेगळीच.

कळंगुटला किंवा हणजूणच्या बाजारात मणी ओवून बारीक वेण्या घालून देतात, त्या सुट्टीपुरत्या मजेच्या आहेत, पण मोठ्या कपाळाला नकोतच. सगळे केस मुळापासून मागे खेचले जातात. अशी ताणलेली वेणी नेहमी घातली तर पुढचे केस गळून कड खरोखरच मागे सरकते. त्वचेचे डॉक्टर त्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. वेणी घातल्यावर कानशिलं दुखत असतील तर ती सोडा, "बसेल हळूहळू" म्हणत थांबू नका.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेले केस हातातून निसटतात. भांग भुवईच्या कमानीचा जो उंच भाग असतो, त्याच्या बरोबर वर पाडा आणि तिरका मागे न्या. कुठल्या बाजूला, ते भोवरा ठरवतो. केस आपणहून ज्या बाजूला पडतात त्याच बाजूला पडू द्या, नाहीतर तासाभरात उभे राहतात. आपल्या दमट हवेत तर अर्ध्याच तासात.

आता पुढची सागरवेणी. इथेच मी कितीतरी वर्षं चुकले.

भांगाजवळची दोन बोटं रुंद बट घ्या, तिचे तीन पेड करा. पहिले दोन वळसे नुसतेच घाला. मग दर वळशाला फक्त वरच्या बाजूचे केस थोडेथोडे त्यात घेत पलीकडच्या कानाकडे या. वेणी केसांच्या कडेवर बसवायची नाही, कडेच्या बोटभर खाली, कपाळावरच टेकायला हवी. म्हणजे कडेचे केसही वरूनच तिच्यात उतरतात आणि कड दिसतच नाही.

ऐकायला सोपं आहे, पण माझी वेणी दरवेळी मागे सरकायची. मी पेड बदलले, बटा जाड-बारीक केल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी कळलं की दोष माझ्या उभं राहण्यात होता. मी मुलीच्या मागे उभी राहून वेणी घालत होते. वेणी हात ओढतो त्या दिशेला बसते. मी मागून ओढणार, तर ती मागेच जाणार! तेव्हापासून मी मुलीच्या समोर, जरा बाजूला उभी राहते आणि प्रत्येक पेड तिच्या भुवईच्या दिशेने ओढते. स्वतःची घालत असाल तर हनुवटी खाली आणि दोन्ही कोपरं चेहऱ्यासमोर ठेवा. कोपरं कानांच्या मागे गेली की थांबा, तेवढे वळसे उलगडा, पुन्हा घाला. कंटाळा आला तरी उलगडाच.

दुसरी चूक म्हणजे घट्टपणा. माझ्या साखरपुड्याला एका पार्लरवालीने हीच वेणी दोरीसारखी वळली होती. फोटोत आधी कपाळ दिसतं, मग मी. वळसे बेताचे ठेवा, कानामागे दोन आकडे एकमेकांवर फुलीसारखे खोचा, आणि त्यानंतरच वेणी सैल करा. कानाकडून भांगाकडे येत पेडाची खालची कड चिमटीत धरून हलकेच कपाळाकडे ओढा. वरची कड ओढली तर पुन्हा पफ. आकडे लावण्याआधी ओढाल तर सगळंच सुटेल.

राहिलेल्या केसांची खजुरी वेणी किंवा साधी तीनपेडी, काहीही चालेल. खांद्यावरून पुढे घेतली तर बरं.

अबोलीची किंवा जायांची फाती, म्हणजे गजरा, माळायची तर वेणी जिथे संपते त्या कानामागे, खाली. डोक्यावर गोल गुंडाळू नका, उंची वाढते. टिकली जरा मोठी लावा. नवरीला मुंडावळ्यांची आडवी ओळ आयतीच मिळते. तिला पुढची वेणी बारीक पुरे, नाहीतर मुंडावळ्या तिच्यावर चढून बसतात.

स्कूटरवरून जाणार असाल तर घरून वेणी घालूनच निघू नका. हेल्मेट नेमकं तिथेच दाबतं. घरी फक्त भांग पाडा, कंगवा नि आकडे पर्समध्ये टाका, आणि वेणी तिथे पोचल्यावर घाला. सराव झाला की दहा मिनिटं लागतात.