एक पाठ तर रंगवायची होती!

तैलरंगात दोन-चार स्टिल लाइफ जमली की एखाद्या जुन्या मास्टरच्या आकृतिचित्राची नक्कल करायचा मोह होतोच. मी फ्रेंच चित्रकार अँग्रची पाठमोरी बसलेली स्नान करणारी स्त्री निवडली. १८०८ साली रोममध्ये रंगवलेलं हे चित्र आता पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. निवडलं ते सोपं वाटलं म्हणून. चेहरा जवळजवळ नाही, बोटांची भानगड फारशी नाही. त्या पाठीनं मला चार महिने रडवलं.

रेखाटन कसं उतरवायचं यावर मी वेळ घालवणार नाही. चौकटी आखा, ट्रेस करा, काहीही करा. ट्रेसिंगला पाप म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आपण इथे रंग शिकायला आलोय. फक्त चित्र मूळ मापाचं, म्हणजे सुमारे १४६ बाय ९७ सेंटीमीटरचं, करायला जाऊ नका. लुव्रमध्ये बसून नक्कल करणाऱ्यांनाही मूळ माप घेऊ देत नाहीत.

आता माझी फसगत. मी पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर थेट पाठीपासून सुरुवात केली. पांढऱ्याच्या शेजारी कुठलाही त्वचेचा रंग काळपट दिसतो. म्हणून मी तो उजळ करत गेले, उजळ करत गेले. मग मागची करडी भिंत आणि डावीकडचा पडदा रंगवला, आणि तीच पाठ एकदम खडू फासल्यासारखी दिसायला लागली. घाबरून हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्या मधल्या छटा, गडद केले, तर पाठीवर मुका मार लागल्यासारखे डाग. पुन्हा पांढरा. पुन्हा डाग. तीन आठवडे हाच खेळ चालला.

अँग्रच्या त्या पाठीत उजेड आणि सावली यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. कण्याची पन्हळ जेमतेम अर्ध्या टोननं खाली जाते. एवढा बारीक फरक तुम्ही चुकीच्या शेजाऱ्याच्या संगतीत मोजलात, तर हात कितीही चांगला असो, बुडालातच. विश्वास बसत नसेल तर कागदाच्या दोन तुकड्यांवर एकच करडा ठिपका द्या, एका पांढऱ्यावर आणि एका काळ्यावर. मी हे महिनाभर उशिरा केलं.

उपाय साधा आहे. कॅनव्हासवर आधी बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. मग भिंत, पडदा आणि चादर यांचे टोन ढोबळ मांडा. पाठ सगळ्यात शेवटी. डोळे किलकिले करून बघा आणि फक्त विचारा, हे त्याच्यापेक्षा उजळ की गडद? ‘त्वचेचा रंग कोणता’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. यलो ऑकर, एखादा लाल, आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यात बहुतेक पाठ होते. ‘स्किन टोन’ नावाची तयार ट्यूब मात्र फेकून द्या.

मऊ ब्रशनं लगेच घासून एकजीव करायचा मोहही आवरा. टोन चुकलेले असताना केलेलं ब्लेंडिंग म्हणजे चुकीवर साय. आणि जे शिक्षक तुमच्या हातातला ब्रश घेऊन स्वतःच दुरुस्त करून देतात, त्यांच्यापासून जरा लांब राहा. माझ्या पहिल्या प्रतीतला सगळ्यात चांगला खांदा माझा नाही. ते बघताना अजून लाज वाटते.

बाकीचं तुम्हाला माहीत असेलच: खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्यात तेल जास्त. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

घाबरू नका, मधल्या टप्प्यात सगळ्यांचीच पाठ भयाण दिसते. तेव्हा तिच्या डोक्यावरच्या फेट्याकडे वळा. लाल पट्ट्यांचा तो फेटा तासाभरात जमतो आणि जीव जरा थाऱ्यावर येतो.

अँग्रनंही ही पाठ सोडली नाही. ऐंशी ओलांडल्यावर ‘टर्किश बाथ’ या चित्रात त्यानं ती पुन्हा बसवली. माझी दुसरी प्रत गेल्या रविवारी सुरू झालीय, लहान आणि तपकिरी कॅनव्हासवर. भिंत झाली, पडदा झाला. पाठ अजून कोरी आहे.