सिस की ट्रान्स: अल्याड-पल्याड ओळखायचं कसं?

लॅटिनमध्ये ‘सिस’ म्हणजे अल्याड, ‘ट्रान्स’ म्हणजे पल्याड. (खुद्द रोमन लोक ‘किस’ म्हणत, आपल्याकडे उच्चार इंग्रजीमार्गे आला.) आल्प्सच्या अलीकडचा, उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातला गॉल (तेव्हाचा एक प्रदेश) त्यांच्या लेखी सिसअल्पाइन आणि पर्वतापलीकडचा ट्रान्सअल्पाइन. रसायनशास्त्रात आल्प्सच्या जागी दुहेरी बंध (दोन अणूंमधली दुहेरी जोड, ती सहज फिरत नाही) येतो. इथे मात्र ‘आपली’ अशी बाजू नसते. दोन गट एकाच अंगाला आहेत का, तेवढंच बघायचं.

ब्यूट-2-ईन घ्या: चार कार्बनची साखळी, मधोमध दुहेरी बंध, दोन्ही टोकांना मिथिल (CH₃) गट. दुहेरी बंधाचे दोन कार्बन आडवे मांडा आणि चारही फांद्या साधारण 120 अंशांत तिरप्या काढा. सूत्र एका ओळीत लिहिलंत तर बाजूच दिसत नाही. दोन्ही मिथिल वर किंवा दोन्ही खाली असतील तर सिस. एक वर, एक खाली तर ट्रान्स. सिस 3.7 अंश सेल्सिअसला उकळतं, ट्रान्स 0.9 ला.

नाव देण्याआधी प्रत्येक कार्बनवरचे दोन गट वेगळे आहेत ना, ते तपासा. ब्यूट-1-ईनमध्ये दुहेरी बंध साखळीच्या टोकाला असतो आणि त्या टोकाच्या कार्बनवर दोन्ही हायड्रोजनच, म्हणून तिथे सिस-ट्रान्सचा प्रश्नच नाही. साखळीतल्या एकेरी बंधालाही ही नावं देऊ नका, तो फिरतो.

खरी फसगत 2-क्लोरोब्यूट-2-ईनमध्ये (ब्यूट-2-ईनच्या दुहेरी बंधाच्या एका कार्बनवर हायड्रोजनऐवजी क्लोरीन) होते. दोन्ही मिथिल एका बाजूला, म्हणून कुणी सिस म्हणेल. क्लोरीनकडे बघणारा ट्रान्स म्हणेल. अशा वेळी ई-झेड पद्धतच वापरा. ही अक्षरं जर्मन शब्दांची: झेड म्हणजे एकत्र, ई म्हणजे विरुद्ध. कार्बनला थेट जोडलेल्या ज्या अणूचा अणुक्रमांक मोठा, त्याच्या गटाला मान. एका कार्बनवर मिथिलपेक्षा क्लोरीन वरचढ, दुसऱ्यावर हायड्रोजनपेक्षा मिथिल. मिथिल एका बाजूला असलेल्या रेणूत हे दोन वरचढ गट विरुद्ध बाजूंना येतात, म्हणून तो ई. ‘सिस म्हणजे झेड’ हे पाठांतर इथे तोंडघशी पाडतं.

धातूंच्या संयुगांत बंधाऐवजी कोन मोजा. सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं कर्करोगावरचं औषध सपाट चौरसाकृती असतं: दोन क्लोराइड शेजारी, 90 अंशांवर. 180 अंशांवर गेले की ट्रान्सप्लॅटिन, आणि ते कर्करोगावर उपयोगी पडत नाही. रचना चतुष्फलकीय असेल तर चारही कोपरे एकमेकांचे शेजारीच; तिथे सिस-ट्रान्स लिहू नका.