घोड्याच्या पोटात कळ उठली? या चुका टाळा

घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं खाणं किंवा साठलेला वायू उलट वाटेने बाहेर पडतच नाही. त्यात एवढ्या थोरल्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. घरगुती उपाय घोड्याच्या जिवावर का बेततात, ते इथेच कळतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वाट बघणं. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे बघतो, वरचा ओठ मुरडतो, चंदीला, म्हणजे हरभऱ्यासारख्या दाण्याला, तोंड लावत नाही. आपण म्हणतो, दमलाय, सकाळपर्यंत होईल बरा. नुसता वायू धरला असेल तर होतोही. पण आतड्याला पीळ पडला असेल तर त्या भागाचं रक्त तुटतं आणि काही तासांत आतडं मरतं. सुरुवातीला दोन्ही दुखणी बाहेरून सारखीच दिसतात. तडफडणारा घोडा एकाएकी शांत झाला, पण अंगावर गार घाम आहे, तर हायसं वाटून घेऊ नका. जठर किंवा आतडं फुटल्यावरही तो असाच शांत होतो.

म्हणून आधी चारा-चंदी समोरून उचला आणि जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजा. निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर घरी थांबायची वेळ संपली. हिरड्या फिक्या गुलाबी आहेत की लालभडक, जांभळट? कुशीला कान लावल्यावर गुडगुड ऐकू येते का? शेवटची लीद कधी टाकली? हे सगळं डॉक्टरांना फोनवरच सांगा. ओळखीचे डॉक्टर मिळाले नाहीत, तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक आहे.

नळकांड्याने किंवा बाटलीने तेल, हिंग, ओव्याचं पाणी पाजू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण पाजणारा मायेपोटीच पाजत असतो. मान वर धरून ओतलेलं तेल श्वासनळीत उतरतं आणि पोटाचं दुखणं बाजूला राहून घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात. आधी साचलेला वायू आणि पाणी बाहेर काढतात, मग गरज वाटली तरच त्याच नळीतून तेल देतात. तुडुंब भरलेल्या जठरात आणखी ओतलं तर ते फुटतं.

तासन् तास फिरवणंही चूक. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, दौडवू नका. शांत पडून असेल तर पडू द्या. जोरजोरात लोळत असेल तर मोकळ्या जागेत न्या आणि स्वतः लांब उभे राहा. उरलेलं वेदनाशामक इंजेक्शन मनाने टोचू नका. कळ झाकली जाते, पीळ तसाच राहतो.

आता मुळाकडे. सीझनला दिवसभर पर्यटक वाहून आलेल्या घोड्याला कौतुकाने दुप्पट चंदी घातली जाते. घोड्याचं पोट चाऱ्यावर चालतं, हरभऱ्यावर नाही. चंदी वाढवायची किंवा चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस हळूहळू. डिसेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लांबून घोडे येतात, तेव्हा तर सगळंच एकदम घडतं: ट्रकचा प्रवास, नवा चारा, थंडीमुळे कमी पाणी. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पोटात गेलं नाही, तर कोरडी वैरण मोठ्या आतड्यात गच्च बसते. जुना चारा थोडा सोबत न्या, पाणी कोमट करून ठेवा, चिमूटभर नव्हे, मूठभर मीठ रोज द्या.

मातीत पसरलेला चारा खाणाऱ्या घोड्याच्या आतड्यात वाळू साचत जाते. लिदीचे पाच-सहा गोळे पारदर्शक बाटलीत पाण्यात कालवून ठेवा. तळाशी रेती बसली तर चारा घमेल्यात आणि चंदी तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, द्यायला लागा. दात वर्षातून एकदा तपासा, जंतांचं औषध लीद तपासून द्या. कोंबड्यांचं खाद्य मात्र चुकूनही घालू नका. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांसाठी मिसळलेलं औषध असेल तर थोडंसंही घोड्याला मारतं.

कळ थांबली तरी लगेच तोबरा बांधू नका. आधी लीद पडू द्या. मग डॉक्टरांना विचारून मूठमूठ ओला चारा. चंदी त्यानंतर काही दिवसांनी.