पोटाला सोसेल आणि जिभेलाही रुचेल असा स्वयंपाक कसा करावा

पचनाचा त्रास असलेल्या माणसासाठी स्वयंपाक करायचा म्हटले की आधी तिखट जाते, मग तेल जाते, मिठालाही हात आखडता घेतला जातो आणि शेवटी पानात जे उरते ते पाहूनच त्या माणसाची भूक मरते. तो दोन घास कमी खातो, अशक्त होतो आणि पथ्याला कंटाळून एके दिवशी नेमके नको तेच खातो. माझ्या मते चूक पथ्यात नसून ते केवळ वजाबाकी म्हणून पाळण्यात आहे. जो पदार्थ काढून टाकला, तो स्वयंपाकात कोणते काम करत होता हे ओळखून ते काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवले पाहिजे.

त्याआधी पोटाची तक्रार नेमकी कोणती आहे ते जाणून घ्यावे, कारण ‘पोट बिघडते’ या दोन शब्दांत एकमेकांशी संबंध नसलेले अनेक त्रास मावतात. छातीत जळजळत असेल तर तेलकट पदार्थ, कॉफी, चॉकलेट आणि पुदिना जपून वापरावेत, कारण अन्ननलिका व जठर यांच्यामधली झडप त्यांच्यामुळे सैल पडू शकते. आतड्यात मुरडा येणाऱ्यांना मात्र त्याच पुदिन्याने पुष्कळदा आराम पडतो. दुधातील लॅक्टोज पचत नसेल तर दूध सोसत नाही, पण मुरवलेले कडक चीज बहुधा चालते. जठर संथ असेल तर चरबी आणि चोथा दोन्ही कमी ठेवावे लागतात, तर बद्धकोष्ठतेत चोथ्याची गरज असते. म्हणून सगळ्यांना चालेल अशी एकच यादी कोणी देऊ लागले तर तिच्यावर विसंबू नये.

दोन आठवडे एका वहीत काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्रास कधी झाला हे लिहून ठेवावे. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, घास गिळताना अडकणे किंवा त्रासामुळे रात्री झोपेतून जाग येणे यांपैकी काहीही असेल, तर प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना गाठावे. सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, शंका असल्यास तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये, कारण ग्लुटेन खाण्यात नसेल तर तपासणीचा निष्कर्ष चुकू शकतो.

आता चवीकडे वळू, कारण खरी अडचण इथेच असते. पोट फुगणाऱ्या अनेकांना कांदा आणि लसूण सोसत नाहीत. त्यांतील फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. मात्र फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही, तर लसणाचा सुगंध तेलात उतरतो. एवढ्या एका गोष्टीवर पथ्याचा अर्धा स्वयंपाक तरून जातो. तीन चमचे तेल मंद आचेवर ठेवून त्यात लसणाच्या चार-पाच पाकळ्या नुसत्या ठेचून टाकाव्यात. बारीक चिरू नयेत, नाहीतर कण गाळून काढता येत नाहीत. पाकळ्यांभोवती बारीक बुडबुडे येत राहतील इतकीच आच असावी. चार-पाच मिनिटांत कडा सोनेरी झाल्या आणि वास सुटला की एकूण एक पाकळी काढून टाकावी आणि मगच भाजी किंवा पाणी घालावे. लसूण आत असताना पाणी पडले तर फ्रुक्टान त्यात उतरते आणि केलेली मेहनत फुकट जाते. हे तेल त्या त्या वेळी लागेल तेवढेच करावे, कारण घरी केलेले लसणाचे तेल बाहेर ठेवल्यास त्यात बोट्युलिझमचे घातक विष तयार होऊ शकते. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग चिरून घालावा. जळजळीचा त्रास नसेल तर वाढताना लिंबाचे चार थेंब पिळावेत; आंबटपणा असला की मीठही कमी पुरते.

यानंतर पोत. भाजीची साल आणि बिया काढून ती पुरती शिजवावी. गाजराची फोड अंगठा आणि बोट यांमध्ये दाबली असता विरोध न करता चेपली, तर ती शिजली. मध्ये कडक गाभा लागला तर अजून पाच मिनिटे द्यावीत. सारे काही उकडलेलेच असावे असा मात्र नियम नाही. गाजर किंवा भोपळा थोड्या तेलावर कडा तांबूस होईपर्यंत भाजून मग पाणी घालून शिजवला, तर सूपला जो गोडवा येतो तो नुसत्या उकडण्याने कधीच येत नाही. पोट फारच नाजूक असेल तेव्हा १ वाटी तांदळाला ८ वाट्या पाणी घेऊन मंद आचेवर पाऊण तास शिजवावे आणि वाढताना आल्याच्या रसाचे काही थेंब घालावेत. उरलेला भात मात्र तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा, कारण त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात तसाच बाहेर राहिला तर ते वाढीला लागतात.

प्रथिनांसाठी अंडी, मासे आणि बिनचरबीची कोंबडी सहसा सोसतात. माशाचा दोन बोटे जाडीचा तुकडा वाफेवर ८ ते १० मिनिटांत शिजतो. काट्याने त्याचे पदर सहज सुटले की उतरवावा. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे, म्हणजे वायू करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात निघून जातात, आणि सुरुवात दोन चमच्यांनीच करावी.

घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळे पातेले चढवण्याची गरज नसते. सर्वांचे एकत्र शिजवून आजारी माणसाचा वाटा आधी काढून घ्यावा आणि मग उरलेल्यात तिखट-मसाला घालावा. त्याचा वाटा दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा वाढावा. जळजळ होत असेल तर शेवटचे खाणे झोपण्यापूर्वी किमान तीन तास आधी उरकावे.

बंद केलेले पदार्थ कायमचे बंद ठेवू नयेत. पोट फुगू नये म्हणून जे कडक पथ्य पाळले जाते ते साधारणपणे २ ते ६ आठवड्यांचे असते आणि तेही शक्यतो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असावे. पुढे एका वेळी एकच पदार्थ परत आणावा: पहिल्या दिवशी चमचाभर, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका, त्रास झाला तर तिथेच थांबावे आणि पोट शांत झाल्यावरच पुढचा पदार्थ घ्यावा. पुष्कळदा असे आढळते की कांदा अजिबात चालत नाही असे नसून, अर्ध्या कांद्यापर्यंत काहीच होत नाही.